बसायचं, पण कुठे?

वीर, दासगाव, महाड, बिरवाडी, पोलादपूर आणि आजूबाजूच्या वाड्या-कोंडांवर जिथे जिथे हा आवाज पोचतोय, तिथल्या सगळ्या ताई, माई, काकूंना नमस्कार. दुपारची भांडी झाली असतील तर जरा टेका. नसतील झाली तर घासता घासता ऐका. आणि घरातला पुरुषमाणूस शेजारी असेल तर रेडिओ बंद करू नका. त्यालाही ऐकू दे.

मी बचत गटांचं काम बघते. गटाच्या वह्या तपासणं हे माझं रोजचं काम. वहीत कर्जाचं कारण लिहायला एक रकाना असतो. त्यात खत-बियाणं, मुलाची फी, सासूचं औषध, घराची कौलं असं काय काय लिहिलेलं असतं. इतकी वर्षं वह्या बघून मला एक कळलंय. काही घरांची कारणं दर खेपेला बदलतात, पण पैसा जातो एकाच ठिकाणी. त्या ठिकाणाचं नाव मात्र रकान्यात कोणी लिहीत नाही.

आज मी त्या नावाबद्दल बोलणार आहे. दारू. पण दारू वाईट आहे हे सांगायला मी आलेले नाही. ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. गावातली बाटली आडवी कशी करायची, हाही आजचा विषय नाही. ज्याला दारू सोडायची आहे, त्याने सोडल्यावर जायचं कुठे, बसायचं कोणाबरोबर, हे आज बोलू. आपल्याकडे पुरुष एकमेकांना काय म्हणतात? "आज बसायचं का?" बसायचं म्हणजे प्यायला बसायचं. ज्याचं ते बसणं सुटलं, त्याला दुसरीकडे कुठेतरी बसायला जागा लागते. ती कशी शोधायची, ते ऐका.

आमच्या एका गटातल्या ताईची गोष्ट सांगते. तिची परवानगी घेतलीय. नाव, वाडी काही सांगणार नाही, तुम्हीही शोधत बसू नका. तिचा नवरा कारखान्यात कंत्राटी कामाला. कामाला वाघ, हे सगळे म्हणायचे. पण पगार झाला की दोन दिवस गायब. पुढे पुढे रोजच. सकाळी हात थरथरायचे, म्हणून सकाळीही थोडी लागायची. ताईने वर्षात गटाकडून तीन वेळा अंतर्गत कर्ज घेतलं. चौथ्या वेळी आली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, खरं सांगते, या वेळेस पैशे त्याच्या औषधाला पायजेत. जेवणात टाकायची पुडी मिळते. त्याला कळत पण नाय, आन् दारू सुटते."

मी गटाला म्हटलं, द्या. आज त्याची मला लाज वाटते, पण मी म्हटलं.

तिने आमटीत पुडी टाकली. त्या रात्री तो पिऊन आला, जेवला आणि उलट्या सुरू झाल्या. तोंड लालबुंद, छाती धडधडायला लागली. डॉक्टर विचारतायत काय खाल्लं, आणि ही भीतीने गप्प. तो वाचला. पण त्या पुडीत काय होतं ते तिला तेव्हा माहीत नव्हतं, मला आजही माहीत नाही. पुडीवर नावच नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट नीट ऐका. डायसल्फिरम नावाचं एक खरं औषध आहे. ते घेऊन वर दारू प्यायली की उलट्या होतात, धडधड होते, रक्तदाब खाली जातो. हृदयाचं दुखणं असेल तर जीवही जाऊ शकतो. डॉक्टर ते देतात, पण माणसाला सांगून, त्याच्या राजीखुशीने, तपासण्या करून. कोणाच्याही ताटात न सांगता ते मिसळायचं नाही. "नकळत दारू सोडवा" अशी जाहिरात एसटी स्टँडवर दिसली तर पैसे पदरात घट्ट बांधा आणि पुढे चला.

नंतर दसऱ्याला त्याने ग्रामदेवतेपुढे शपथ घेतली. नारळ ठेवला. घरात आनंद झाला. दुसऱ्या दिवशी घाम, थरथर, झोप नाही. तिसऱ्या रात्री त्याला भिंतीवर किडे दिसायला लागले. कोपऱ्यात मेलेला काका बसलाय म्हणाला. अंगणात पळत सुटला. माणसं जमली. कोणी म्हणालं बाहेरचं आहे. भगताला बोलावणं गेलं. मीही तिथे होते, मैत्रिणींनो. बीए झालेली मी, मलाही वाटलं की देवाची शपथ घेतली म्हणून काही झालं असेल का? लिंबू उतरण्यात दोन तास गेले. मग त्याला फिट आली, तेव्हा कुठे गाडी शोधली.

डॉक्टर रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, याला भूत लागलेलं नाही, याची दारू एकदम बंद झाली आहे. अनेक वर्षं रोज पिणाऱ्याचं शरीर दारूवर चालायला शिकलेलं असतं. ती अचानक थांबली की पहिल्या दिवसातच थरथर आणि घाम सुरू होतो. बहुतेक करून दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होतात, माणूस कुठे आहे ते विसरतो. यात माणूस दगावतो. त्याला औषध आहे, सलाईन आहे, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. तेव्हा, सकाळी उठल्या उठल्या ज्याला दारू लागते, त्याने शपथ जरूर घ्यावी, पण आधी डॉक्टरला सांगून. देव काही त्याला नाही म्हणणार नाही.

आठवड्याने तो उभा राहिला. निघताना डॉक्टर म्हणाले, "शरीरातली दारू गेली. डोक्यातली जायला वेळ लागेल. आता मीटिंगला जा." ताईने मला विचारलं, "मीटिंग म्हणजे बैठक का ओ?"

आपल्या रायगड जिल्ह्यात बैठक म्हटलं की रेवदंड्याच्या धर्माधिकारींची श्रीबैठक, दासबोधाचं निरूपण. बैठकीला जायला लागला आणि दारू सुटली, अशी माणसं आपल्या प्रत्येक गावात आहेत. कोणी माळ घालून सोडली, कोणी वारीला जाऊन. ज्याला जी वाट लागू पडली ती त्याची वाट. मला त्यात काही कमी-जास्त बोलायचं नाही. पण डॉक्टर म्हणत होते ती मीटिंग वेगळी. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. आपल्याकडे नुसतं 'एए' म्हणतात.

ती कशी सुरू झाली ते थोडक्यात सांगते, कारण त्यातच तिचं सगळं गुपित आहे. १९३५ साल. अमेरिकेत बिल नावाचा शेअर बाजारातला माणूस. दारूने सगळं घालवलेलं, नुकती कुठे सुटलेली. अक्रन नावाच्या शहरात कामासाठी आला आणि काम फिसकटलं. हॉटेलात एकटा उभा. एका बाजूला बार, माणसांचा हसण्याखिदळण्याचा आवाज. दुसऱ्या बाजूला फोन. त्याला वाटलं, आता एखादा दारुडा भेटला नाही तर मी पिणार. नीट ऐका हं, त्याला समजावणारा कोणी शहाणा माणूस नको होता, त्याच्यासारखाच दारूत अडकलेला माणूस हवा होता. त्याने चर्चमध्ये फोन लावले आणि शोधत शोधत बॉब नावाच्या डॉक्टरपर्यंत पोचला. हा डॉक्टर ऑपरेशनं करणारा, आणि स्वतः दारूत बुडालेला. तो म्हणाला, पंधरा मिनिटं देतो. बोलत बसले ते सहा तास. त्या वर्षीच्या १० जूनला डॉक्टर बॉबने शेवटचा घोट घेतला, आणि तोच दिवस एएचा जन्मदिवस धरतात. भारतात हे काम गेली साठ-पासष्ट वर्षं तरी चालू आहे.

आता ही मीटिंग असते कशी? आपल्याला बचत गट माहीत आहे, म्हणून गटाच्याच भाषेत सांगते. आपल्या गटात दहा-वीस जणी, तिथेही तेवढेच किंवा कमी-जास्त. आपल्याकडे आठवड्याची बैठक ठरलेली, तिथेही वार आणि वेळ ठरलेली. आपल्यात अध्यक्ष-सचिव बदलतात, तिथेही मीटिंग चालवणारा बदलतो, कोणी कायमचा साहेब नसतो. आपण बाहेरच्या सावकाराकडे जात नाही, आपल्याच बचतीवर चालतो. तिथे तर बाहेरची देणगी घेतच नाहीत, सरकारचीही नाही. शेवटी एक डबी किंवा पिशवी फिरते, ज्याला जमेल त्याने दहा-वीस टाकायचे, नसतील तर पुढे सरकवायची. फी नाही, फॉर्म नाही.

फरक कुठे? आपल्याकडे हजेरी असते, गैरहजर राहिलं तर दंड असतो. तिथे हजेरीपट नाही. आडनाव विचारत नाहीत. जात, धर्म, पक्ष विचारत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा हवी. सोडलेली असायलाच हवी, असंही नाही. आणि तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं. 'ॲनॉनिमस' या शब्दाचा अर्थच निनावी.

एकजण उठतो, पहिलं नाव सांगतो, म्हणतो मी दारुडा आहे, आणि आपली गोष्ट सांगतो. दुसरे ऐकतात. मध्ये बोलत नाहीत, सल्ला देत नाहीत. मग दुसरा. तास-दीड तासात संपतं. मग चहा. खरी ओळख होते ती त्या चहावर. त्यांच्या बारा पायऱ्या आहेत, त्यात परमेश्वराचा उल्लेख येतो, पण ज्याला जसा समजेल तसा. देव न मानणारेही तिथे असतात. आणि तिथे जन्मभराची शपथ नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही. उद्याचं उद्या बघू. शिमग्याला काय करू, पोरीच्या लग्नात काय करू, हा विचारच आज करायचा नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्याला चालेल अशी मीटिंग मिळायची कशी? आमच्या ताईला आणि तिच्या नवऱ्याला ती तिसऱ्या खेपेला मिळाली. आधीच्या दोन खेपा का फुकट गेल्या ते सांगते, म्हणजे तुमच्या जाणार नाहीत.

वीरला रेल्वे आहे. रोहा ते वीर हा कोकण रेल्वेचा तुकडा १९९३ साली सुरू झाला, तेव्हापासून आपल्या माणसांना मुंबई जवळ आली. ताईचा दीर मुंबईला. डॉक्टर म्हणाले होते, सुरुवातीला जेवढ्या जास्त मीटिंगा तेवढं बरं, आणि मुंबईत जवळजवळ रोज कुठे ना कुठे असते. म्हणून कामावर महिन्याभराची रजा टाकून तो दिराच्या खोलीवर राहिला. ताई शनिवार-रविवार जायची.

पहिला पत्ता कोणाकडून तरी मिळालेला, कधीचा कोण जाणे. गेले तर शाळेला कुलूप. वॉचमन म्हणाला, ते लोक दुसरीकडे गेले. नवरा म्हणाला, "बघ, देवाच्याच मनात नाय." आणि परत येताना तीन ठिकाणी त्याचे पाय घुटमळले. म्हणून निघण्याआधी फोन करा. मीटिंगच्या जागा बदलतात, कारण त्या भाड्याच्या किंवा मागून घेतलेल्या असतात. शाळेचा वर्ग, चर्चचा हॉल, दवाखान्याची खोली. चर्चमध्ये असली म्हणून ती चर्चची नसते, जागा फक्त त्यांची. एएचे हेल्पलाइन नंबर मोबाइलवर शोधल्यास मिळतात, यादीही मिळते. घरातल्या कॉलेजच्या पोराला शोधायला सांगा. फोन उचलणारा स्वतः दारू सोडलेलाच माणूस असतो, त्याला लाजायचं कारण नाही. त्याला चार गोष्टी विचारा. आज मीटिंग आहे ना? नेमकी खूण काय? भाषा कोणती? आणि खुली आहे की बंद? बंद मीटिंगला फक्त ज्याला दारूचा त्रास आहे तोच बसू शकतो. खुल्या मीटिंगला बायको, भाऊ, कोणीही जाऊ शकतं. हे न विचारता गेलात तर तुम्हाला बाहेर बसावं लागेल आणि अपमान झाल्यासारखं वाटेल. तसा काही अपमान नसतो.

दुसरी मीटिंग सापडली, पण तिथे बरेचजण इंग्रजी बोलणारे. विमान, परदेश, ऑफिसची पार्टी अशा गोष्टी. माणसं चांगली होती, याला खुर्ची दिली, चहा दिला. पण हा मागे बसून राहिला. घरी आल्यावर म्हणाला, "ते मोठे लोक. त्यांची दारू पण वेगळी." ताई रडकुंडीला आली. मला फोन केला. मी तरी काय सांगणार? मी म्हटलं, आपण गट बनवतो तेव्हा एकाच वाडीतल्या, सारख्या परिस्थितीतल्या बायका का घेतो? तोंड उघडावं म्हणून. तसा दुसरा गट बघा.

तिसरी मीटिंग मराठी. महापालिकेच्या शाळेत, लहान मुलांच्या बाकांवर अवघडून बसलेली मोठी माणसं. एक रिक्षावाला, एक बेस्टचा निवृत्त कंडक्टर, एक गिरणीतला म्हातारा. कंडक्टर बोलत होता की मुलीची फी भरायला निघालो, आणि मधे उतरलो. हा ऐकत होता. त्याने ताईला सांगितलं, "तो माझीच गोष्ट सांगत होता. माझी कोणी सांगितली त्याला?" त्या रात्री पहिल्यांदा त्याने स्वतःहून विचारलं, उद्याची कुठे आहे?

तर मैत्रिणींनो, योग्य मीटिंग कशी ओळखायची? एक, भाषा अशी हवी की ज्यात माणूस रडू शकेल. दोन, जाण्यायेण्याचं अंतर असं हवं की पहिला जोर ओसरल्यावरही जाणं होईल. तीन, वेळ अशी हवी की जी त्याच्या पिण्याची वेळ होती. संध्याकाळी सातला पाय गुत्त्याकडे वळत असतील तर सातची मीटिंग उत्तम. चार, तिथे कोणीतरी असा हवा, जो त्याच्याइतकाच खाली गेला होता आणि आज बरा आहे. पाच, पैसे मागणारा, वस्तू विकणारा, उपदेशाचे डोस पाजणारा तिथे नको. आणि सहा, एका मीटिंगवरून निकाल देऊ नका. चार-सहा वेळा जा, दोन-तीन ठिकाणं बघा. स्थळं बघताना आपण एका नकारावर थांबतो का?

आता तुम्ही म्हणाल, मुंबईचं झालं, आपल्याकडे काय? बरोबर आहे. आपल्या डोंगरदऱ्यात प्रत्येक गावाला मीटिंग नाही. महिना संपला, तो परत आला. लावणीतून, कामातून दर आठवड्याला मुंबई कोणाला परवडते? त्याने काय केलं ते सांगते. त्या कंडक्टर काकांना तो रोज संध्याकाळी फोन करायचा. जुन्या माणसाने नव्याचा हात धरायचा, त्याला तिथे स्पॉन्सर म्हणतात. पैशांचा स्पॉन्सर नव्हे, आधाराचा. मोबाइलवरच्या मराठी मीटिंगाही आहेत, अनेकजण एका वेळी जोडले जातात. आमच्या कोंडावर रेंज कुठे? तो स्टेशनच्या बाजूला येऊन कट्ट्यावर बसायचा, कानाला हेडफोन लावून. लोक म्हणायचे, गाणी ऐकतोय. महिन्यातून एकदा पॅसेंजरने मुंबई. तुमच्या जवळच्या तालुक्यात, पनवेल-अलिबागकडे काही आहे का, हे त्याच हेल्पलाइनला विचारता येतं. आणि जिथे दोघंजण दारू न पिण्यासाठी एकत्र बसतात तिथे मीटिंग सुरू होऊ शकते. अक्रनलाही दोघंच होते.

"पण गावात कळेल ना!" हे मला प्रत्येकीने विचारलंय. अगं, तो गटारात पडलेला होता तेव्हा गावाला माहीत नव्हतं का? नाक्यावर शिव्या दिल्या, एसटीतून उतरवला, पोराच्या शाळेत झिंगत गेला, सगळं गावाला माहीत. लपवायचं उरलंय ते एकच, की तो आता बरा होतोय. ते कळलं तर कळू दे.

यात सगळं सरळ झालं नाही, तेही सांगते. शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी आले, पालखी नाचली, आणि रात्री कोणीतरी म्हणालं, अरे, सणाला थोडी चालते. पाच महिने कोरडा राहिलेला माणूस तीन दिवस पीत राहिला. ताई माझ्याकडे आली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीही नव्हतं. म्हणाली, "फुकट गेलं सगळं." चौथ्या दिवशी त्याने स्वतः फोन लावला. काका रागावले नाहीत. म्हणाले, "किती दिवसांची झाली? तीन? बरं. आधी डॉक्टरला दाखव, मग रविवारी ये. तुझी जागा तशीच आहे." तो गेला. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागला. घसरणं हे या आजारात होतं. गटात हप्ता चुकला म्हणून आपण बाईला काढून टाकत नाही, पुढचा हप्ता कधी भरशील ते विचारतो. तसंच हे.

आता तुमच्याबद्दल. हो, तुमच्याच. बिल दारू सोडून मीटिंगला धावायला लागला, तेव्हा त्याची बायको लोइस खूश व्हायला हवी होती. एक दिवस तो म्हणाला, चल लवकर, मीटिंगला उशीर होईल, आणि तिने पायातला बूट काढून त्याला फेकून मारला. तिलाच कळेना, आपल्याला एवढा राग का आला. मग लक्षात आलं की इतकी वर्षं ती त्याच्या दारूभोवतीच जगत होती, आणि तिचं स्वतःचं काही उरलं नव्हतं. १९५१ साली तिने आणि एका मैत्रिणीने घरच्यांसाठी वेगळी संघटना उभी केली, अल-ॲनॉन. तिथे बायका, आया, भाऊ, मुलगे जातात. नवरा पीत असला तरी जाता येतं. तो जायला तयार नसला तरी तुम्ही जा. तिथे पहिलं शिकवतात ते हे, की त्याची दारू तुमच्यामुळे लागलेली नाही, आणि तुम्ही ती त्याच्यासाठी सोडू शकत नाही. बाटल्या ओतणं, खिसे तपासणं, साहेबाला 'ताप आलाय' म्हणून खोटा फोन करणं, त्याची उधारी गटाच्या कर्जातून फेडणं, याने तो बरा होत नाही, तुम्ही झिजता. मुंबई-पुण्याकडे या सभा होतात. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाने असाच गट चालतो.

मुक्तांगणचं नाव घेतलं तर दोन शब्द सांगते. नुसत्या मीटिंगने थांबत नसेल तर राहून उपचार घ्यावे लागतात. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला मदत केली. तिथेही माणूस घरी गेल्यावर पाठपुराव्याला या, हे सांगितलं जातं. पण व्यसनमुक्ती केंद्राची पाटी दिसली की डोळे मिटून पैसे भरू नका. आधी स्वतः जाऊन बघा. डॉक्टर रोज येतात का? घरच्यांना भेटू देतात का? कोंडून, मारून, साखळीने बांधून दारू सोडवतो असं कोणी म्हणालं तर तिथून माणसाला परत आणा. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे साखळीने बांधायला मनाई आहे.

आणखी एक, हळू आवाजात. पिणाऱ्या बायकाही आपल्यात आहेत. अंग दुखतं म्हणून, झोप येत नाही म्हणून, नवऱ्याबरोबर म्हणून. त्यांचा आजार तोच, पण त्यांना दुप्पट लपवावं लागतं. ताई, तू ऐकत असशील तर तुझ्यासाठीही तीच मीटिंग आहे. पुरुषांत बोलायला अवघड वाटत असेल तर फोनवर विचार, बायकांची मीटिंग कधी असते. मुक्तांगणमध्ये बायकांसाठी 'निशिगंध' नावाचा वेगळा विभाग आहे.

आणि जिथे मारहाण होते, तिथे तो मीटिंगला जाईल याची वाट बघत मार खायचा नाही. दारू हा आजार आहे, पण मारणं हा गुन्हा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा २००५ सालचा आहे. आधी स्वतःचा आणि पोरांचा जीव.

आता नंबर सांगते, पेन घ्या, नसेल तर कोळशाने चुलीजवळ लिहा. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, १४४४६. पुन्हा सांगते, एक चार चार चार सहा. मनाच्या आजारासाठी टेलि-मानस, १४४१६. एक चार चार एक सहा. दोन्हीला पैसे लागत नाहीत. महिला हेल्पलाइन १८१. एक आठ एक. आणि तातडीला ११२. एक एक दोन.

शेवटी आमच्या ग्रामसंघाने काय ठरवलं ते सांगते. जिच्या घरी कोणी दारू सोडतोय, तिला महिन्यातून एकदा मुंबईला जायचं भाडं लागलं तर ते अंतर्गत कर्जातून मिळेल, आणि कारणाच्या रकान्यात खरं कारण लिहायचं. बैठक संपल्यावर अर्धा तास ज्यांना थांबायचंय त्या थांबतात. तिथे वही उघडत नाही. कोणी कोणाला सल्ला देत नाही. एक बोलते, बाकीच्या ऐकतात. पहिल्या महिन्यात तिघी थांबल्या होत्या. आता अकरा-बारा जणी थांबतात, आणि त्यातल्या दोघींच्या घरी कोण पितं हे मला वर्षानुवर्षं माहीतच नव्हतं.

त्या ताईचा नवरा शिमग्यानंतर आजपर्यंत दहा महिने प्यायलेला नाही. उद्याचं तो सांगत नाही, मीही सांगणार नाही. परवा तिची वही माझ्याकडे तपासायला आली. तिने कर्ज मागितलंय. कारण लिहिलंय, 'शिलाई मशीन.' मी रकान्याकडे बघितलं, मग तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "खरंच मशीनच हाय, ताई."

मशीन घरी आलंय. परवा मी ब्लाउज शिवायला टाकून आलेय.

नमस्कार.